दोन सागांमध्ये अडकलेली गाडी

गोवऱ्यांचा धूर नाकात गेला की माझं डोकं अजून तापतं. तिलवाऱ्याच्या पुढे नर्मदाकाठी गोवऱ्यांत कणकेचे गोळे भाजायची, आमची रोडग्यांची सहल होती, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत सासूबाई पाणीही घेत नसत. साळ्यानं मित्राची बिनदाराची, दोन सीटची मोटर-बग्गी आणली होती. माझ्या ऐसपैस पिकअपमध्ये कणीक, वांगी, गोवऱ्या अन् बाकी सगळी माणसं. सासूबाईंना शेजारी बसवून तो जंगलवाटेनं भुर्रकन नदीवर पोचला. मी ईर्ष्येनं मागे घुसलो आणि दोन सागांमध्ये घट्ट अडकलो. तो एकटाच परत आला, हसत. "जीजाजी, ये गाडी है या मकान?" "तुझ्या खेळण्यात एक परात तरी मावते काय?" मी गरजलो. शब्दानं शब्द वाढला आणि आम्ही एकमेकांच्या कॉलरी धरल्या. तेवढ्यात सासूबाई उन्हातून पायी चालत आल्या, ओठ सुकलेले. "जावईबापू, तुमी इथं भांडून राहिले, अन् मी तिथं उपाशी बसून राहिली." साळा म्हणाला, "आई, सामान बग्गीत टाकतो." "बग्गी राहू दे, डोक्यावर घ्या दोघंही," त्यांनी पोत्यांकडे बोट दाखवलं. मग गोवऱ्यांचं पोतं माझ्या डोक्यावर, कणकेचं त्याच्या, आणि मागून सासूबाई अन् बाकी सगळी माणसं, अशी आमची वरात नदीपर्यंत गेली. जंगलात मोठी गाडीच खरी, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. सासूबाई आतल्या खोलीत असल्या, तर जरा हळू आवाजात.