बमणुं म्हणजे दुप्पट

"बावीसनुं बमणुं केटलुं?" बेनने माझ्याकडे बोट करून विचारलं.

मी तिसरीत. अमरोलीकडची गुजराती शाळा. आम्ही शिरपूरकडून नुकतेच सुरतेत आलेलो. इथं बाईंना बेन म्हणतात, एवढं कळलं होतं. बमणुं म्हणजे दुप्पट, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मला ऐकू आलं, बामण. मी उभी राहिले आणि मोडक्या गुजरातीत खरं ते सांगून टाकलं.

"बेन, अमारे घेर बामण नथी आवतो."

आमच्या घरी बामण येत नाही. वर्ग खो खो हसला. बेनही हसली, आणि मग एकदम थांबली. गणित राहिलं बाजूला.

"तमे केवां छो?"

तुम्ही कसे आहात, असं विचारतेय असं मला वाटलं. म्हणाले, "सारां छीए." आम्ही चांगले आहोत. पुन्हा हशा. या प्रश्नाचा अर्थ इथं 'तुमची जात कोणती' असा होतो, हे मला शेजारच्या मुलीने उत्तर दिलं तेव्हा समजलं. आमच्याच गल्लीतली. तिने पटकन सांगून टाकलं. जिभेला हाड नसतं ते असं.

त्या दिवसापासून बेनने माझी पाटी हातात घेतली नाही. "नीचे मूक." मी पाटी फरशीवर ठेवायची. ती लांबूनच बघायची आणि पुढच्या मुलीकडे वळायची. चूक की बरोबर, काही नाही. इतरांचा हात धरून ती दशक-एकक शिकवायची. मला ना दुप्पट आली, ना निम्मं. वरून दुसऱ्या बेनला माझ्यासमोरच सांगायची, या लोकांच्या डोक्यात गणित शिरतच नाही. माझ्यापर्यंत गणित आलंच कुठं होतं, बाई?

आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायची. तिला सांगितलं तर तिने वरही पाहिलं नाही. "चूप ऱ्हाय. हाऊ आपला मुलूख नही शे."

मी चूप राहिले. इतकी चूप, की तोच माझा स्वभाव आहे असं लोकांना वाटायला लागलं.

आता मी स्वतः बेन आहे. कोसाडच्या वसाहतीजवळच्या एका खासगी शाळेत तिसरीला शिकवते. वर्गातली निम्मी पोरं खानदेशातली. त्यांना मी आधी शब्द देते. बमणुं म्हणजे दुप्पट. अडधुं म्हणजे निम्मं. मग चिंध्या देते. मार्केटातून साड्यांच्या काठांच्या पट्ट्या आणते. दहा पट्ट्यांची जुडी म्हणजे दशक, सुटी पट्टी म्हणजे एकक. बावन्नचं निम्मं करायचं तर पाच जुड्या आणि दोन सुट्या. दोन जुड्या इकडे, दोन तिकडे, एक उरते. पोरं तिथंच अडतात. ती जुडी सोडायचा त्यांना धीर होत नाही. सोड, मी म्हणते. गाठ आपणच मारलीय.

परवा काजलने गाठ सोडली. काजल शहाद्याकडची, आल्यापासून वर्गात तोंड उघडलं नव्हतं. दहा सुट्या झाल्या, आधीच्या दोन मिळून बारा, सहा इकडे, सहा तिकडे. ओठ हलत होते. एवढ्यात मोटां बेन आत आल्या. म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका.

"आ शुं कचरो छे?"

मी सांगायच्या आत त्यांनी काजललाच उभं केलं. "बावननुं अडधुं?"

"सव्वीस," काजल म्हणाली. मोठ्याने. पहिल्यांदा.

"सव्वीस नहि, छव्वीस," मोटां बेन हसल्या. पाठोपाठ वर्ग हसला. मग त्यांनी काजलला फ्रॉकपासून चपलांपर्यंत न्याहाळलं.

"तमे केवां छो?"

पोरीचा चेहरा मी पाहत होते. तिला प्रश्न साधा वाटला होता. ती उत्तर द्यायला निघाली होती.

"ए सवाल नहि पूछवानो, बेन."

आवाज माझाच होता. शब्द नीट निघाले. मग काजलकडे वळून मराठीत म्हटलं, "बस खाली. तुझं उत्तर बरोबर आहे."

ऑफिसात मोटां बेननी दार लावून घेतलं. पोरांसमोर अपमान केला म्हणाल्या. कुणाचा, ते विचारायचं होतं मला. सोमवारी सगळ्या शिक्षकांसमोर माफी माग, नाहीतर येऊ नकोस. आणि त्या पोरीला मागच्या बाकावर बसव, तिला या वर्गाचं झेपत नाही.

घरी नवरा बसून आहे. इच्छापोरचं ठेकेदाराकडचं काम सुटलंय. घर माझ्या पगारावर चालतं. तो वाईट माणूस नाही, पण घाबरलाय. म्हणाला, "मांगी ले माफी. पोट भरानं शे ना?"

मीही घाबरलेय. पीठ मळताना मला रडू फुटलं. दुसरी शाळा घेणार नाही, इथल्या शाळा एकमेकींना विचारून माणूस ठेवतात. पुढे काय, मला खरंच माहीत नाही.

पण माफी मागणार नाही. सोमवारी घंटेच्या आधी मी वर्गात असेन. काजल पहिल्या बाकावर बसेल. मला काढायचं तर त्यांना वर्गात यावं लागेल, आणि का काढलं ते पोरांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल. त्याआधी मी वर्गातून हलणार नाही.