सरांकडून फी कशी घ्यायची

आमच्या ह्यांनी आयुष्यभर लातूरला गणित शिकवलं. शाळेत पगार घेऊन आणि घरी फुकट. पुढे क्लासेसचं पेव फुटलं, गल्लोगल्ली पाट्या लागल्या, मुरुड-औशाकडून पोरांनी भरलेल्या एसट्या यायला लागल्या, तरी आमच्या बैठकीतली सतरंजी काही हलली नाही. क्लासवाल्यांनी ह्यांना दोन-तीनदा बोलावलं, हे गेले नाहीत. मी तेव्हा भांडले होते. नंतर नंतर मलाही त्या सतरंजीवरच्या पोरांची सवय झाली.

त्याचा परिणाम असा, की हे निवृत्त होईपर्यंत गावात ज्या दवाखान्यात जावं तिथला डॉक्टर ह्यांचा विद्यार्थी निघायचा. दात दुखो की डोळा, आतून कोणीतरी लगबगीनं येऊन पाया पडायचं आणि रांगेतल्या लोकांसमोरून ह्यांना आत न्यायचं. पैसे पुढे केले तर डॉक्टर कानाला हात लावायचे. सरांकडून फी कशी घ्यायची? घरी आल्यावर हे ते सगळं मला तिखटमीठ लावून सांगत.

नोकरीत होते तोवर आजारपणाचं बिल सरकारकडून परत मिळायचं. निवृत्तीनंतर ते बंद झालं. सरकारी दवाखाना तेवढा उरला, त्यापलीकडचं ज्याचं त्यानं बघायचं. नांदेडला माझ्या बहिणीनं आणि मेव्हण्यांनी आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली, तेव्हा मीही ह्यांच्या मागे लागले. शेजारची सून त्याच कामात होती. तिनं आमच्याकडे बसून नीट समजावून सांगितलं: कार्ड दाखवून ॲडमिट होता येतं, हैदराबाद-सोलापूरचे दवाखानेही चालतात, वर्षातून एकदा तपासणी होते. मात्र एकदा आजार निघाला की कंपन्या आढेवेढे घेतात, म्हणून आत्ताच घ्या, असंही ती म्हणाली. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला चहा पाजला आणि म्हणाले, "माझा विमा मी केव्हाच उतरवलाय. गावभर दवाखाने थाटून बसलाय तो."

ती हसली. मीही हसले, आणि त्या हसण्याचं मला आज फार वाईट वाटतं. हे वाक्य ह्यांना इतकं आवडलं, की पुढे लग्नाकार्यात, पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर, सगळीकडे ते म्हणून दाखवत.

त्या डॉक्टरांमधला एक आमच्या घरचाच होता. भूकंप झाला त्या वर्षी औसा तालुक्यातल्या एका गावातून ह्यांनी त्याला आणलं होतं. घर पडलं होतं, आई गेली होती, वडील पत्र्याच्या शेडमध्ये राहत होते. बारावी होईपर्यंत तो आमच्याकडे जेवला, शिकला. सुरुवातीला तो छताखाली झोपायला तयार नसे, म्हणून हेही त्याच्याबरोबर अंगणात पथारी टाकत. पुढे तो चांगला शिकला आणि आणखी काही जणांबरोबर भागीदारीत त्यानं मोठा दवाखाना काढला.

एकदा हे तापानं फणफणले, तेव्हा त्याच्याकडेच ठेवलं. निघताना बिल विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, भरलंय. कोणी भरलं? तर आमच्याच डॉक्टरनं, स्वतःच्या खिशातून. भागीदारीतल्या दवाखान्यात त्याला एकट्याला फुकट करता येत नव्हतं. घरी जेवायला बसल्यावर हे म्हणाले, "मी आता त्याच्याकडून परत घेतलं, तर तेव्हा त्याला दिलं ते काय होतं?"

मी म्हटलं, मग पॉलिसी घेऊ या. कार्ड पुढे करायचं, कंपनी दवाखान्याला देईल, कोणाच्या खिशाला हात नको. हे म्हणाले, बघू. 'बघू' ही ह्यांची नाही म्हणायची रीत होती. गावभर ते वाक्य ऐकवून झालं होतं ना, आता कोणत्या तोंडानं विमा काढणार?

त्यानंतर पोटात दुखायला लागलं. हे मेडिकलमधून पित्ताचं औषध आणायचे आणि बरं आहे म्हणायचे. आपल्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणायचे, तो पुन्हा बिल भरेल. दुसऱ्याकडे जाऊ म्हटलं तर तोही विद्यार्थीच, शिवाय आपल्या डॉक्टरला कळलं तर त्याला वाईट वाटेल. गावात एवढे दवाखाने, आणि ह्यांना एकाचीही पायरी चढता येईना. पँट कमरेवर राहीना, तेव्हा मुलाला पुण्याहून बोलावलं आणि ह्यांना हैदराबादला नेलं.

तिथं ह्यांना कोणी ओळखत नव्हतं. टोकन घेऊन हे रांगेत बसले, देगलूरच्या एका माणसाशी पीकपाण्याच्या गप्पा मारल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना असं मोकळं पाहिलं. मग आत बोलावलं, आणि बाहेर आलो तेव्हा फार उशीर झाल्याचं आम्हाला कळलं होतं. बाकावर बसून हे म्हणाले, "त्या सूनबाईची पॉलिसी घेतली असती, तर वर्षापूर्वीच इथं आलो असतो गं." मी त्यांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, एवढंच.

हे गेले त्या दिवशी आमचा डॉक्टर पायांशी बसून होता. एवढा मोठा माणूस, पण तोंडी गावाकडचीच बोली आली. "काकू, मला येकदा सांगायचं तरी व्हतं. मी काय परका व्हतो?" खरं कारण त्याला कसं सांगणार? ते कोणालाच सांगत नव्हते, असं मी म्हटलं.

शेजारच्या सुनेकडून मी माझी पॉलिसी काढली. वर्षातून एकदा तपासणीला त्याच्याच दवाखान्यात जाते, कार्ड देते, नंबर घेते आणि बसते. मी आलेय हे कळलं की तो बाहेर येतो, काकू आत चला म्हणतो. मी म्हणते, नंबर आला की येते. तो परत आत जातो. त्याला वाटतं, मी रागावलेय. रागावलेय मी, पण त्याच्यावर नाही.