प्रोत्साहन समितीतला इसरू मिस्त्री

चंद्रपूरकडच्या मूल गावातल्या एका राईस मिलमध्ये इसरूनं एकतीस वर्षं मिस्त्रीकाम केलं. धान सोलणारं शेलर चालू झालं की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, रबर रोल घासला आहे, आता तांदूळ तुटणार. माणसांचंही कुठं काय घासलंय ते त्याला तसंच ऐकू यायचं. फरक एवढाच, की मशीनला ते तोंडावर सांगितलं तर मशीन रुसत नसे.

गावातल्या लहानशा चर्चमध्ये तो लहानपणापासून जात आला होता. विश्वास पक्का, चेहरा मात्र कायम उपासाचा. जुन्या पास्टरांना त्याची सवय होती. ते सिरोंचाकडे बदलून गेले आणि त्यांच्या जागी पास्टर लोकेश आले. वय एकोणतीस. नागपूरहून येताना त्यांनी दोन गोष्टी आणल्या, एक माईक आणि दुसरा आनंद. दोन्हींचा आवाज मोठा होता. चर्च संपल्यावर ते दाराशी उभे राहत आणि प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरून विचारत, "आज आनंदात आहात ना?" नाही म्हणायची सोय नव्हती. मागं रांग असायची.

गेल्या वर्षी चर्चच्या छतावर पत्र्याच्या नवीन टिना चढल्या. पहिल्याच रविवारी पास्टरसाहेबांनी विचारलं, कोणाला धन्यवादाचे दोन शब्द बोलायचे आहेत का? चारजण गहिवरून बोलले. मग इसरू उभा राहिला.

"जुनं छत गळे तवा लोक जागे राहत," तो म्हणाला. "आता प्रवचनात सारे कसे निवांत झोपून राह्यले. प्रभूची मोठी कृपा हाये."

त्याच आठवड्यात चर्चच्या कमिटीला एकदम साक्षात्कार झाला, की आपल्याकडे प्रोत्साहन समिती नाही. आजारी, दुःखी माणसांना भेटायचं, धीर द्यायचा, असं पवित्र काम कोणाला द्यावं? सर्वानुमते इसरूभाऊंना. समितीचा अध्यक्ष तोच, सभासदही तोच. भेटीची वेळ बुधवारी संध्याकाळी पाच ते सात. इसरू न चुकता ज्यात तोंड घालायचा ती कमिटीची बैठकही नेमकी बुधवारी पाच ते सातच असायची, पण हा निव्वळ योगायोग.

पास्टरसाहेबांनी त्याला एक लॅमिनेशन केलेलं कार्ड दिलं. घरात शिरताना स्मित करावे. बायबलमधले एक वचन वाचावे. आपली साक्ष, म्हणजे प्रभूचा आलेला अनुभव, सांगावी. प्रार्थना करून दहा मिनिटांत निघावे. इसरूनं घरी येऊन आरशासमोर स्मित करून पाहिलं. त्याची बायको वच्छला भाकरी टाकत होती. तिनं वळून पाहिलं आणि विचारलं, "दात दुखून राह्यला का?"

पहिली भेट गोपालची. त्याला कावीळ झाली होती. "इसरूभाऊ, मी बरा होईन ना?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

"होशीन ना. पण लग्नाच्या पंगतीत उरलेलं मठ्ठं पिऊन कावीळ आणणाऱ्याले देवानं किती डाव वाचवावं, त्याचाही इचार कर."

गोपाल हसला. त्याच्या बायकोनं मात्र पास्टरसाहेबांकडे तक्रार नेली. पास्टरसाहेबांनी इसरूला कार्ड पुन्हा वाचायला सांगितलं.

दुसरं नाव गिरजाबाईंचं होतं. गिरजाबाई म्हणजे साधी बाई नव्हे. पस्तीस वर्षं दवाखान्यात नर्स होत्या. मूल तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, खुद्द इसरूच्या दोन्ही मुली धरून. चर्चमधल्या लेकरांना नाताळची गाणीही त्याच शिकवायच्या आणि सूर चुकला की कान धरायच्या. अशी बाई पावसात अंगणातल्या बोरिंगपाशी घसरली. मांडीच्या खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला ऑपरेशन झालं. लगेच चालायला लागा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला दोन महिने होऊन गेले, आणि गिरजाबाई भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडून होत्या.

इसरू गेला तेव्हा त्यांची सून उर्वशी दारातच भेटली. "बसा भाऊ. पण त्या बोलत नाईत कोणाशी. काल तिघीजणी आल्या होत्या. आनंद कसा करावा ते तासभर सांगून गेल्या."

"मग? झाला का आनंद?"

"त्या गेल्यावर थोडासा झाला."

इसरू खाटेजवळच्या खुर्चीवर बसला. स्मित करायचं राहून गेलं, कारण बघायला समोर पाठच होती. कार्ड खिशात होतं, पण चष्मा घरी होता. म्हणून तो गप्प बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. उर्वशीनं चहा आणला. त्यानं घोट घेतला आणि म्हणाला, "चहा हाये का काढा?"

भिंतीकडून आवाज आला, "अद्रक जास्त टाकते ते. सांगून सांगून थकली मी."

इसरूनं कप खाली ठेवला. त्याचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं होतं. तिथं वॉकर उभा होता. त्याच्यावर दोन टॉवेल आणि एक परकर वाळत होता. वॉकर नक्की कशासाठी असतो, हे त्या घरात अजून कोणी वॉकरला कळू दिलेलं दिसत नव्हतं. इसरूनं उठून कपडे बाजूला केले आणि वॉकर जमिनीवर टेकवून दाबला. टक् आवाज झाला. पुन्हा दाबला. पुन्हा टक्.

"बाई, याचं एका पायाचं रबर कुठी गेलं?"

गिरजाबाईंनी मान वळवली. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी पाहुण्याकडे तोंड केलं, असं उर्वशी नंतर साऱ्यांना सांगत होती.

"पहिल्याच दिवशी निघून पडलं. या गुळगुळीत टाईलवर मेला असा सटकला का जीवच गेला माहा. तवापासून पायच उचलत नाई."

"मग कोणाले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं ना. मले भेव वाटते म्हणून सांगितलं. साऱ्यांनी माह्या भेवासाठी प्रार्थना केली."

इसरू वॉकर उलटा करून बघत राहिला. एका पायाला रबर नव्हतं, दोन पायांचं नुसतं ढिलं अडकवलेलं होतं. बाईसाठी तीन चर्चमधून प्रार्थना चालू होत्या. सिंदेवाहीच्या चर्चमधल्या बहिणींनी तर उपास धरला होता. खाली वाकून पाहणं तेवढं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मिलमध्ये गेला. भंगारात टाकलेल्या रोलचं जाड रबर त्यानं सुरीनं कापलं आणि तापवलेल्या सळईनं भोक पाडून चार बूट बनवले. गिरजाबाईंच्या घरी येऊन वॉकरच्या चारही पायांत ते ठोकून घट्ट बसवले. मग खाटेसमोर वॉकर ठेवून स्वतः त्याच्यावर रेलला, सगळा भार टाकला, ढकलून पाहिलं. हलला नाही.

"उठा बाई."

"पडली तर?"

"पडले तर उचलून ठेवू. नवीन काय हाये त्यात?"

गिरजाबाईंनी डोळे वटारले, पण हात पुढं केला. एका बाजूनं उर्वशी, एका बाजूनं इसरू. पहिलं पाऊल, दुसरं, तिसरं. दारापर्यंत जाऊन त्या थांबल्या. कपाळाला घाम आला होता. बाहेर अंगणात ऊन होतं. खूप दिवसांनी घरी आल्यासारखं त्यांनी त्या अंगणाकडे पाहिलं.

"इतकी गोड गोड माणसं पडली हायेत चर्चमंधी," त्या धापा टाकत म्हणाल्या, "अन् प्रभूनं माह्यासाठी तुह्यासारखा कडू काऊन धाडला रे?"

"गोडवाले कालच्या बैठकीतून उठले नाईत अजून."

गिरजाबाई हसल्या. हसता हसता त्यांना खाली बसवावं लागलं. मग डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता प्रार्थना करून जा. तशीच नोको जाऊ."

इसरू अडचणीत आला. दुसऱ्यासमोर मोठ्यानं प्रार्थना करायची त्याला लाज वाटायची. त्यानं डोळे मिटले. "प्रभू, गिरजाबाईले पडू देऊ नोको. पडलीच तर माह्यावर पडू देऊ नोको. अन् ते रबर मले दिसलं, त्याच्यासाठी... त्याच्यासाठी लय आभार. आमेन."

सायकलवरून घरी जाताना छातीत काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटत होतं. आधी त्याला वाटलं अद्रकाचा चहा. मग लक्षात आलं की आपल्याला आनंद झाला आहे. तोही कोणी न विचारता, हात न धरता. याचा त्याला थोडा रागच आला.

ही बातमी पास्टरसाहेबांपर्यंत पोचेपर्यंत बरीच वाढली होती. रविवारी त्यांनी माईकवरून जाहीर केलं, की आपल्या भगिनीला चमत्कारानं पाय मिळाले आहेत, इसरूभाऊंनी साक्ष द्यावी.

इसरू उठला. "पाय होतेच. रबर नोहतं," म्हणाला आणि बसला.

तेव्हापासून बुधवारी तो कार्ड घरी ठेवून पिशवी नेऊ लागला. पिशवीत पक्कड, पेचकस, रबराचे तुकडे असत. कोणाची खाट कुरकुरायची, कोणाच्या पंख्याचा आवाज यायचा. हात काम करत असले की माणसं बोलत, आणि इसरूला वर बघून स्मित करावं लागत नसे. निघताना तो दोन वाक्यांत प्रार्थना करायचा. तो लवकर निघू नये म्हणून माणसं मुद्दाम आणखी एक स्क्रू ढिला करून ठेवत, असं वच्छला म्हणायची.

धान कापणीच्या दिवसांत एका बुधवारी पास्टरसाहेबांनीच निरोप पाठवला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. त्यांची बायको बाळंतपणाला माहेरी अहेरीकडे गेली होती. इसरू गेला तेव्हा शेगडीवर करपलेला भात होता आणि पास्टरसाहेब जमिनीवर भिंतीला टेकून बसले होते. त्याला पाहताच ते ताडकन उठले. चेहऱ्यावर हसू आलं. "या, या इसरूभाऊ! आनंदात ना?"

इसरूनं नळ उघडला, वायसर काढला. कामाकडे बघतच विचारलं, "तुमी हाये का?"

पास्टरसाहेबांनी करपलेल्या भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. मग ते हळूच म्हणाले, "गाल दुखतात हो भाऊ. रविवारी घरी आलो की दुखतात. मीच उदास दिसलो तर लोकांनी कोणाकडे बघायचं?"

हे कार्डावर कुठंच नव्हतं. इसरूनं नवा वायसर बसवला, नळ आवळला, हात पुसले.

"आज नोका हासू," तो म्हणाला. "माह्यासमोर काऊन हासता? मले काय समजते त्यातलं?"

पास्टरसाहेब पुन्हा खाली बसले. त्यांनी चेहरा सैल सोडला तेव्हा ते अगदी पोरगेले दिसले. इसरूनं करपलेला भात काढून टाकला, नवा टाकला, सोबत वांगं भाजलं. दोघं जेवले. जेवणाआधी प्रार्थना कोण करणार म्हणून दोघं एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी इसरूनंच केली. "प्रभू, हा पोरगा चांगला हाये. जरा आराम दे त्याले. भात दिला, लय आभार. आमेन."

पास्टरसाहेब दोनदा भात वाढून घेऊन जेवले.

त्या रविवारी माईक बंद होता. पास्टर लोकेश साध्या आवाजात म्हणाले, की महिना जड गेला, घरात एकटा मी घाबरलो होतो, आणि अशा वेळी प्रभूनं माझ्या घरी जेवायला माणूस पाठवला. एवढंच. प्रवचन वीस मिनिटांत आटोपलं. आज कोणी झोपलं नव्हतं.

मग सारे गाण्यासाठी उभे राहिले. गिरजाबाई पहिल्या रांगेत वॉकर धरून उभ्या होत्या. एरवी गाण्यात नुसते ओठ हलवणाऱ्या इसरूनं आज तोंड उघडलं आणि खुल्या गळ्यानं गायला सुरुवात केली. सूर एकीकडे, शब्द दुसरीकडे. पुढच्या दोघी दचकून मागं वळल्या. वच्छलानं कोपर मारलं. त्यानं आवाज कमी केला नाही, चारही कडवी तशीच गायली.