इंजिन जिथे फिरते ते गाव

तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. परंतु माझ्या लेखणीला नववीत कुणी अडवून धरले नाही. नवा रेल्वेमार्ग आमच्या भागात यावा म्हणून जे अर्ज गेले, त्यांतील बहुतेक माझ्याच हातचे. त्यामुळे रूळ आमच्या गावापर्यंत येऊन थांबले आणि आमचे गाव गाडीचे शेवटचे स्थानक ठरले, तेव्हा त्या दिवशीच्या हारतुऱ्यांत माझाही वाटा होता, असे मी आजही मानतो.

गाडी जिथे रेंगाळते त्या स्थानकाची थोरवी मी लहानपणीच पाहिली होती. आमच्याकडच्या जुन्या छोट्या गाडीचे इंजिन वाफेचे. मामांच्या गावच्या विहिरीचे पाणी गोडे, म्हणून इंजिन तिथे पाणी पिई. पाण्यासाठी थांबे, म्हणून चालक आणि गार्ड तिथेच बदलत. ती माणसे तिथे जेवत, झोपत, दाढी करीत. म्हणून खानावळ आली, धर्मशाळा आली, न्हाव्याने दुकान थाटले. पुढे डिझेलचे इंजिन आले. त्याला तहान नव्हती. साहेबलोकांनी हद्दी नव्याने आखल्या, माणसे बदलण्याचे ठिकाण दुसरीकडे नेले आणि मामांच्या गावात केवळ फलाट उरला. खानावळवाला आपली कढई घेऊन कुठे गेला, हे मामांनाही सांगता येत नसे.

तेच आता आमच्या आळीतल्या वहिनींच्या वाट्याला येऊ घातले होते. त्यांचे यजमान माझे स्नेही. ते वारल्यावर वहिनींनी स्टेशनाबाहेर टिनाच्या आडोशाला चूल मांडली. आमच्याकडे गाडी आली की इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. तेवढ्या वेळात चालक, गार्ड आणि उतारू झुणका-भाकर खात. त्या खोळंब्यावर वहिनींचे घर चालत होते.

मग रूळ दिग्रसच्या दिशेने पुढे सरकणार, गाडी आपल्याकडे दोनच मिनिटे थांबणार, अशी बातमी आली. चौकात पेढे वाटले गेले. वहिनी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसल्या.

"भाऊजी, गाडी इथंच राहू द्या म्हनून लिहा."

मार्ग पुढे न्यावा, हा अर्ज मीच लिहिला आहे, असे मी त्यांना समजावले.

"तुमीच लिहिलं ना? मंग तुमीच खोडा."

स्वतःचा अर्ज खोडणे माझ्या पेशाला शोभणारे नव्हते. मी मधला मार्ग काढला. गाडी खुशाल पुढे जावी. मात्र चालक व गार्ड यांची अदलाबदल आमच्या गावी व्हावी. कारण म्हणून मी आमच्या विहिरींचे गोडे पाणी विस्ताराने मांडले, मामांच्या गावचा दाखला दिला आणि 'सबब विनंती की' येथून पुढे तर मला स्वतःलाच भरून आले. वहिनी पदर सावरून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

आम्ही दोघे अर्ज घेऊन स्टेशन मास्तरांकडे गेलो. तरुण गृहस्थ, वहिनींच्याच हातचे जेवणारे. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला आणि अदबीने म्हणाले, "काका, आताच्या इंजिनाला पाणी लागत नाही."

मी उत्तर जुळवीत होतो, तोच वहिनी म्हणाल्या, "इंजिनाले नसन लागत. मानसाले त लागते ना?"

मी अर्ज परत घेतला, आरंभ तसाच ठेवून कारणांत इंजिनाऐवजी माणसांची तहान लिहिली आणि तो वरच्या कचेरीत धाडला. यथावकाश उत्तर आले. माणसांची अदलाबदल आता पाण्यावर नव्हे, कामाच्या तासांवर ठरते. ती पुढच्या शेवटच्या स्थानकात होईल. मी ते वहिनींना हळू आवाजात वाचून दाखवले.

"पन दोन मिनिटं थांबन ना?" त्यांनी विचारले.

थांबेल म्हणालो.

"मंग पाहू."

गाडी प्रथम पुढे निघाली त्या दिवशी फलाटावर बँड होता. वहिनी गर्दीपासून दूर, जिथे गार्डाचा डबा येतो तिथे उभ्या होत्या. हातात बांधलेली भाकरी. गार्डाने आदल्या स्टेशनावरून फोन करून सांगून ठेवले होते. गाडी थांबली, पुडके वर गेले, चालकाचे पुडके मास्तरांनी स्वतः पुढे पोचवले. हळूहळू रोजचे उतारूही फोन करू लागले. धंदा पूर्वीसारखा नाही. टिनाचा आडोसा वहिनींनी काढून टाकला, भाकरी आता घरीच थापतात. परंतु चूल विझलेली नाही.

दोनाची पाच मिनिटे करावीत, असा अर्ज मी सध्या लिहीत आहे. परवा वहिनी टेबलाजवळून जाताना थांबल्या, कागदाकडे पाहिले.

"लिहा भाऊजी," म्हणाल्या. "फकस्त पान्याचं नोका लिहू."