दादांच्या नावाचा थेंब

एकटी चांगली लागणारी एकही वस्तू देवानं निर्माण केलेली नाही, असं मानणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. त्यांच्या मते प्रत्येक वस्तूला एक जोडीदार असतो आणि तो शोधायला लांब जावं लागत नाही. वस्तू जिथे वाढली तिथेच आजूबाजूला पाहायचं. एडवणला त्यांची वाडी आहे. तिथला चिकू ते नुसता कधी खात नाहीत. ज्या झाडाचा चिकू, त्याच्या शेजारच्या माडाचं खोबरं सोबत हवं, कारण दोघांनी एकाच पाटाचं पाणी प्यालेलं असतं. एकदा मी हौसेनं पालघरच्या बाजारातून नारळ घेऊन गेलो. त्यांनी तो शेंडीला धरून फिरवून पाहिला, "परका हाय," एवढंच म्हणाले आणि देवापुढे ठेवून दिला. देवाला चालतो, त्यांना चालत नाही.

निवृत्त होण्यापूर्वी ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिथेही त्यांनी हे खूळ सोडलं नाही. बोईसरच्या भाड्याच्या खोल्यांतून चार-पाच कामगार मिळून राहतात. एका शेगडीवर भात शिजवणारी माणसं एका मशीनवर भांडत नाहीत, असा सिद्धांत मांडून त्यांनी खोलीवार नेमणुका केल्या. काही दिवस काम असं सुरळीत चाललं की मॅनेजरनं त्यांची पाठ थोपटली. मग एका सकाळी अख्खं मशीन रिकामं. माणूस धाडून पाहिलं तर सगळी खोली गाढ झोपेत. "साहब, अलार्मवाला मोबाइल एक ही है, और वो बिगड़ गया," असं त्यांच्यातल्या एकानं डोळे चोळत सांगितलं. चूक सिद्धांताची नव्हती, मोबाइलची होती, असं व्याही अजूनही म्हणतात.

माझ्या मुलीचं त्यांच्या मुलाशी जमलं तेसुद्धा याच सिद्धांतावर. मी पत्रिका घेऊन गेलो होतो. त्यांनी ती उघडलीदेखील नाही. मुलगी लहानपणापासून कुठलं पाणी प्याली, एवढंच विचारलं. मी गोंधळून म्हणालो, पालघरच्या नळाचं. नळाला कुठून येतं? मासवणहून, सूर्या नदीचं. त्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता काहीतरी मागणार. पण ते आत वळून विहीणबाईंना म्हणाले, "अगं, आपल्या पोराच्याच नदीची हाय," आणि साखर वाटली. त्यांचा मुलगा बोईसरला वाढला होता आणि बोईसरलाही सूर्येचंच पाणी येतं. त्या हिशेबानं निम्म्या तालुक्यातली कुठलीही मुलगी चालली असती, हे माझ्या बायकोनं घरी आल्यावर लक्षात आणून दिलं. पण तोवर साखर खाऊन झाली होती.

आता पिण्याविषयी. व्याही पितात थोडं, पण त्याची तयारी फार. पहिला घोट घेण्यापूर्वी ते करंगळीशेजारचं बोट पेल्यात बुडवतात आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं एकेक थेंब जमिनीवर उडवतात. आजोबा, बाबा, मोठे काका. आईच्या नावानं मात्र दारूचा थेंब कधीच नाही. ती जन्मात दारूला शिवली नव्हती, म्हणून तिचा थेंब सकाळच्या चहाचा. आमच्या घरी आले की मोठे काका हटकून सोफ्यावर पडतात, आणि तो डाग निघत नाही म्हणून माझी बायको त्या कधी न पाहिलेल्या काकांवर अजून धुसफुसते.

या थेंबांपायीच त्यांच्या आयुष्यात मोठा घोटाळा झाला. एडवणच्या घराचे दोन भाग आहेत. एकात हे, दुसऱ्यात त्यांचे थोरले भाऊ, ज्यांना सारं गाव दादा म्हणे. दादांची बायको आधीच गेलेली, मुलगी सासरी, त्यामुळे ते एकटेच होते. वाटणीच्या वेळी ओट्याच्या मधोमध कमरेइतकी भिंत घातली गेली आणि तिचा उपयोग दोघा भावांनी टेबलासारखा केला. संध्याकाळी भिंतीच्या एका बाजूला दादा रम घेऊन बसत, दुसऱ्या बाजूला आमचे व्याही बियर घेऊन, आणि मध्ये तळलेल्या बोंबलांची ताटली. दादा बियरला घोड्याचं पाणी म्हणत. हे रमला खोकल्याचं औषध म्हणत. असं वर्षानुवर्षं सुखानं चाललं होतं.

एका गटारीला मीही तिथे होतो. व्याह्यांनी बोट बुडवलं. आजोबा, बाबा, मोठे काका अशी नावं त्यांनी घेतली, आणि लहानपणापासून ज्या क्रमानं घरातली माणसं मोजायची सवय, त्याच क्रमानं पुढचं नाव तोंडून गेलं. दादा. थेंबही उडाला. दादा समोरच बसले होते, हातात पेला, तोंडात बोंबील. त्यांनी बोंबील नीट चावून संपवला. पेला भिंतीवर ठेवला. मग उठून आपल्या भागात गेले आणि दार लावून घेतलं. व्याही भिंतीपलीकडे हाका मारत राहिले. आतून एवढंच आलं, "मेलेला मानूस बोलत नाय."

आणि ते खरंच बोलेनासे झाले. धाकट्या भावाशी बोलायचं नाही, एवढ्यावर ते थांबले असते तर ठीक. पण दादाही शेवटी त्याच घरातले. त्यांनी मरण मनापासून निभावलं. विहीणबाईंनी चहा पाठवला तर इथं कोणी राहत नाही म्हणून परत येई. गावात कुणाच्या मयताला जाऊन आले की, आता हा आमच्यातला झाला, म्हणत. आणि पितृपक्षात तर कहर केला. त्यांनी शेजारणीकरवी निरोप पाठवला की या घरात गेलेल्यांना पान वाढतात, मग माझं कुठे आहे? विहीणबाईंनी कपाळाला हात लावला, पण पान वाढलं. खीर, वडे, अळूची भाजी, सगळं भिंतीवर मांडलं. कावळा माडावरून उतरायच्या आत दादांनी ते उचलून नेलं आणि धुतलेलं केळीचं पान परत भिंतीवर ठेवलं. पुढच्या वर्षी निरोप आला की वडे थोडे जास्त.

गाव हसलं, मीही पोट धरून हसलो. व्याही हसत नव्हते. त्यांनी माफी मागून पाहिली, तर मेलेल्याची माफी कशी मागतोस, असं उत्तर आलं. संध्याकाळी ते भिंतीशी बसत, पण त्यांची बियर निम्मी उरू लागली. एकदा मला म्हणाले, "व्याही, बियर नुसती बियर लागते हो." ज्यांनी त्यांचा सिद्धांत आयुष्यभर ऐकला आहे, त्यांनाच या वाक्यातलं दुःख कळेल.

अशात त्यांचा भाचा आला. तो लांब कुठेतरी छोट्या प्रमाणावर बियर बनवणाऱ्यांकडे कामाला आहे. त्यानं दोन बाटल्या आणल्या, एक रमची आणि एक काळ्या बियरची, आणि त्यांची हकीकत सांगितली. रम काही वर्षं लाकडी पिंपांत मुरत ठेवलेली. ती काढून घेतल्यावर तीच पिंपं, न धुता, बियरवाल्यांकडे आली आणि त्यांत ही काळी बियर काही महिने राहिली. रमनं लाकडात जे मागे ठेवलं ते बियरनं उचललं. आता आधी रमचा छोटा घोट घ्यायचा, मग बियरचा. व्याही ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. जन्मभर जे सांगत होते ते कोणीतरी बाटलीत भरून आणून दिलं होतं.

त्या बाटल्या आज उघडतील म्हणून मी दोनदा एडवणला जाऊन आलो. उघडल्या नाहीत. मी हळूच सुचवलं की दोन पेले लागतात तर मी आहेच. त्यांनी माझ्या खांद्यावर प्रेमानं हात ठेवला. "तुमी मासवणचं पानी, व्याही. हे आमच्या विहिरीवरचं काम हाय." म्हणजे दादाच हवे. दादांना मात्र त्या वर्षी दम लागू लागला होता, ओट्यावरून खाट आत गेली होती, आणि भाच्यानं जाताना बजावलं होतं की रम कितीही थांबेल, पण बियर फार दिवस ठेवू नका. व्याही रोज बियरची बाटली उजेडात धरून पाहत आणि परत ठेवत. शेवटी त्यांनी मलाच दूत म्हणून भिंतीपलीकडे धाडलं.

दादा खाटेवर पडून होते. मी पिंपाची गोष्ट सांगितली. रम कुठली, किती जुनी, ते त्यांनी बारकाईनं विचारलं. मेलेल्या माणसाच्या मानानं चौकशी फार होती. मग म्हणाले, "येतो. पन थेंब मी उडवनार."

संध्याकाळी उन्हं माडांतून ओट्यावर येत होती. दादा भिंतीला धरून आपल्या जागी बसले. बोंबील तळून तयार होते. व्याह्यांनी रम ओतली आणि पेला दोन्ही हातांनी पुढे केला. दादांनी बोट बुडवलं. आजोबा. बाबा. मोठे काका. मग त्यांनी बोट पुन्हा बुडवलं, धाकट्या भावाकडे निरखून पाहिलं, आणि शांतपणे म्हणाले, "बाळू." थेंब उडाला. घरात व्याह्यांना बाळूच म्हणत. दारात उभ्या असलेल्या विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला, तो रडण्यासाठी की हसण्यासाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"फिटलं," दादा म्हणाले.

मग दोघांनी चव घेतली. रमचा घोट, मग बियरचा. आमचे व्याही श्वास रोखून दादांच्या तोंडाकडे पाहत होते. दादांनी मध्येच एक बोंबील खाऊन घेतला. "दोगी एका घरच्या हायेत, लपत नाय," इतकं कबूल केलं, आणि पुढच्याच क्षणी आपल्या रमच्या पेल्यात बियर ओतून टाकली. व्याही ओरडायचेच बाकी राहिले. अरे, एकेकीची चव वेगळी घ्यायची असते, असं मिसळून सगळं नासवलंस, म्हणून ते तळमळू लागले. दादांनी तो पेला अर्धा संपवला आणि म्हणाले, "बाळू, आता परत वाटन्या कशाला करतोस?"

त्यानंतरचे महिने भिंतीवर रोज ताटली असे. बोलण्याचा साठलेला कोटा दादांनी असा वसूल केला की व्याही कधीकधी दबक्या आवाजात म्हणत, मेलेले होते तेव्हा शांतता होती. पुढल्या गटारीच्या आत दादा खरोखरच गेले. त्यांची मुलगी सासरहून येऊन पोचली होती, बाळू उशाशी होता.

त्या गटारीला मी मुद्दाम एडवणला गेलो. भाच्यानं पुन्हा तशाच दोन बाटल्या पाठवल्या होत्या. भिंतीपलीकडची जागा झाडून ठेवलेली होती. व्याह्यांनी बोट बुडवलं. आजोबा, बाबा, मोठे काका. मग बोट पेल्याशी गेलं आणि थांबलं. मी वाट पाहिली. त्यांना आठवण करून द्यावी की नाही कळेना. शेवटी मीच हळू आवाजात म्हणालो, "दादा?"

त्यांनी बोट लुंगीला पुसलं.

"त्याचं नाव आदीच घेऊन झालंय, व्याही. माझंबी झालंय," ते म्हणाले, आणि आपल्या हातानं रमच्या पेल्यात बियर ओतली.