तिसरं अंडं

डबा उघडला की मामा डोळे मिटायचे, आणि मामांनी डोळे मिटले की आम्ही त्यांच्या डब्यातलं उकडलेलं अंडं पळवायचो. आठवड्यातून चार दिवस तरी. कँटीनच्या त्या टेबलावरचे सगळेच यात सामील होते, पण हात बहुतेक वेळा माझा असायचा. प्रार्थना संपली की ते डोळे उघडायचे, डब्याकडं बघायचे आणि म्हणायचे, “ज्यानं नेलं त्याला पुरो.” मग भाकरी मोडायला घ्यायचे. आम्ही फिदीफिदी हसायचो. तुम्ही म्हणाल, बापाच्या वयाच्या माणसाची असली थट्टा? तुम्ही त्या टेबलावर बसला नव्हता, म्हणून बोलताय.

मामा दौंडचे. वडील रेल्वेत होते, आजोबांच्या वेळेपासून घरात ख्रिस्ती धर्म. रांजणगावच्या एमआयडीसीत आमच्या कारखान्यात मोठमोठ्या प्रेस आहेत, पत्रा दाबून भाग काढणाऱ्या. तिथं सुरक्षेची तपासणी मामांकडं होती. मी निमोण्याचा, त्यांच्याच विभागात लाइन लीडर. कंपनीची बस दौंडहून यायची. मी न्हावऱ्याला चढायचो, आणि शेजारच्या सीटवर रुमाल टाकून मामांनी माझी जागा धरलेली असायची. नात्यातले नव्हेत, पण मी त्यांना मामा म्हणायचो; बाकीचे फादर म्हणत.

“आमच्यात फादर नसत्यात, पाळक असत्यात,” ते न चिडता सांगायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कुणीतरी विचारायचं, “काय फादर, आज कुणाचं पाप माफ केलं?” मामा पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायचे. असा माणूस हाती लागला की कुणाला सोडवतो?

त्यांच्या चर्चमध्ये रविवारी साक्ष द्यायची रीत आहे. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि देवानं आठवड्यात आपलं काय भलं केलं ते सांगायचं. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते. मामा मात्र उठून आपल्या चुका सांगायचे. बायकोला टाकून बोललो. रेल्वेचं फाटक पडलेलं असताना खालून सायकल काढली. हे ऐकून पाळकसाहेब घड्याळाकडं बघायचे, असं मामांनीच मला सांगितलं होतं. त्यांची मुलगी तिथल्या तरुण संघात गिटार वाजवायची आणि उपासना मोबाइलवरून लाइव्ह दाखवायची. ती म्हणायची, “पप्पा, तुम्ही उभे राहिलात की बघणारे निम्मे होतात.” हे सांगताना मामा स्वतःच खूप हसायचे.

आता त्यांच्या काठीचं सांगतो. प्रत्येक प्रेससमोर एक सेन्सर असतो. त्याच्या आड हात आला की मशिन जागेवर थांबतं. मामांकडं झाडूचा एक जुना दांडा होता, पिवळा रंगवलेला. रोज सकाळी एकेका प्रेसपुढं जाऊन ते दांडा आत घालायचे, मशिन थांबलं की चेकशीटवर सही करायचे. एकवीस प्रेस, एकवीस वेळा दांडा. त्यात पाऊण तास जायचा आणि मी त्यांच्या मागं मागं फिरून घाई करायचो, कारण नगांचं टार्गेट माझ्या डोक्यावर होतं.

नऊ नंबरच्या प्रेसचा सेन्सर सारखा अडायचा. हात नसला तरी मशिन थांबवायचा. वरून फोनवर फोन. शेवटी एका सकाळी मी त्याची वायर बाजूला काढली आणि सेन्सरच बंद करून टाकला. मामा दांडा घेऊन आठ नंबरपर्यंत आले होते. मी आडवा गेलो.

“मामा, नऊचं मी बघितलंय. चालू हाय. सही करा, मालाची गाडी खोळंबलीया.”

“तू बघितलंस?”

“व्हय.”

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, दांडा काखेत मारला आणि सही केली. एकवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी न बघता केलेली ती एकच सही. स्वतः खोटं न बोलणाऱ्या माणसाची हीच खोड असते. समोरचा ‘व्हय’ म्हणाला की त्यांचा विषय संपला. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी म्हणालो.

दुपारी नऊ नंबरवरच्या ऑपरेटरची तीन बोटं गेली. बिहारहून आलेला, दोन लेकरांचा बाप. मामाही धावत आले; त्यांच्यासमोर रुमालात हात गुंडाळून तो एवढंच म्हणत होता, “मशीन रुका नहीं, भैया.” भैया म्हणजे मी. त्याला गाडीत घालून दवाखान्यात पाठवलं. ती गाडी गेटबाहेर पडायच्या आत मी वायर पुन्हा जोडून ठेवली.

कंपनीनं काढलेला अर्थ सोपा होता. सेन्सर चालू, चेकशीटवर सही, म्हणजे ऑपरेटरनंच वाकडा हात घातला. माझी सुटका, साहेबांची सुटका, आणि गप्प बसले असते तर मामांचीही. बसमध्ये मी त्यांना तसं म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत होते. न्हावरा आलं, मी उतरलो.

रविवारी ते साक्षीला उभे राहिले. सोमवारी मी बसमध्ये चढलो, तेव्हा दौंडच्याच एकाच्या मोबाइलवर ती साक्ष मोठ्या आवाजात चालू होती आणि अख्खी बस ऐकत होती. “मी न बघता सही केली. शेंसर बंद हुता. त्या माणसाची चूक न्हाई, माझी हाय. मी त्याची बोटं घालवली.” पुढच्या सीटवर मामा आपलाच आवाज ऐकत बसले होते. कुणीतरी मागून ओरडलं, “आमेन!” सगळे हसले. शेजारच्या सीटवर रुमाल होता. मी मागं जाऊन उभा राहिलो.

क्लिप वरपर्यंत गेली. चौकशीला आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं. साहेबांनी विचारलं, “सही करायला तुम्हाला कुणी सांगितलं का?”

“सही माझी हाय,” मामा म्हणाले. “माझं मी सांगितलं. दुसऱ्याचं त्यो सांगंल.”

साहेब माझ्याकडं वळले. “तुम्ही लाइन लीडर. सेन्सर कुणी बंद केला?”

मामांनी डोळे मिटले. डबा उघडल्यावर मिटायचे, तसेच.

“मला ठाऊक न्हाई सर,” मी म्हणालो.

त्यांना काढलं. त्या क्लिपमुळं बिहारच्या माणसाला भरपाई मिळाली, एवढं एक बरं झालं. चर्चनंही मामांना उचलून धरलं असेल असं तुम्हाला वाटत असेल. तिथल्या पंच कमिटीनं सांगितलं, चर्चचं नाव कोर्टकचेरीत नको, इथून पुढं साक्षीला उठायचं नाही. मुलीला व्हिडिओ काढून टाकायला सांगितला. ती म्हणाली, न्हाई काढणार, आणि गिटार तिथंच ठेवून घरी आली. तिचं ठरलेलं लग्न कमिटीतल्याच एका घरात होतं, तेही मोडलं. मामा पुढं कासुर्डीजवळ एका मंगल कार्यालयावर वॉचमन होते. आणि त्यांची जागा, हो, तो पिवळा दांडा, मला मिळाला. बढती म्हणून पेढेही वाटले मी. हलकट माणसाच्या तोंडाला पेढा काही कडू लागत नाही.

गेल्या वर्षी मामा ड्यूटीवरच गेले, खुर्चीत बसल्या बसल्या. मातीला जायचा धीर झाला नाही. महिन्यानं दौंडला त्यांच्या घरी गेलो. मुलगी शिकवणीला गेली होती. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कालवण आणलं, मग एका वाटीत तीन उकडलेली अंडी आणली.

“सवय मोडत न्हाई बघा,” त्या म्हणाल्या. “आधी दोनच द्यायची मी डब्यात. मग एक दिस म्हणाले, उद्यापासनं तीन दे, एक नेणारं हाय. मी म्हणलं, डोळं लवकर उघडा की, सापडंल चोर. तर म्हणाले, लवकर उघडलं तर पोरं लाजत्याल.”

मी वाटी थोडी लांब सारली.

“एक इचारू का?” मामी म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्या शेजारी बसणारं. त्या दिशी त्यास्नी कुणीतरी चालू हाय म्हणून सांगितलं हुतं, एवढंच मला बोलले. नाव न्हाई सांगितलं, मरंपर्यंत. लेक अजून इचारती. तुम्हाला ठाऊक हाय का, कोण हुतं?”

त्या माझ्याकडं बघत होत्या. मी सांगायला तोंड उघडलं.

“न्हाई,” मी म्हणालो.

“असू दे,” त्या म्हणाल्या, आणि वाटीतलं तिसरं अंडं माझ्या ताटात ठेवलं. मग जेवणाआधी त्यांनी डोळे मिटले. उघडेपर्यंत मी ते खाल्लं होतं.