गफूरभाईंचे आठ फेटे

गफूरभाई गेले त्याला आता चार आठवडे होतील. सकाळी त्यांच्या थोरल्याचा, रशीदचा, फोन आला. "काकी, अब्बा गेले," एवढंच म्हणाला. मी गॅस बंद केला, खुर्चीवर बसले... आणि पहिल्यांदा मनात आलं ते हे, की आता त्या दिवसाचं सगळं जाणणारी मी एकटीच उरले. रडू मागाहून आलं. आठव्या दिवशी गावच्या शाळेत शोकसभा होती म्हणून धाराशिवहून भाच्याला घेऊन मी गेले. बरेच जण बोलले. शेवटी दाजीसाहेबांचा नातू उभा राहिला. शिकलेला, गोड बोलणारा मुलगा. म्हणाला, "चाचांचं मन फार मोठं. माझ्या आजोबांशी त्यांचं कधीकाळी काही बिनसलं होतं, पण चाचांनी सगळं माफ केलं होतं." लोकांनी माना डोलावल्या. माझे गुडघे असे, की मी उठून उभी राहीपर्यंत माईकची वायर गुंडाळून झाली होती. म्हणून आता लिहायला बसले आहे. दाजीसाहेबांना जाऊनही वर्षं झाली; मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच थांबावं. मी बोलणार आहे.

तेरपासून दोन कोसांवर, तेरणेच्या काठी आमचं गाव. गफूरभाई तिथले रंगारी. लुगडी, शेले, फेटे रंगवायचे, आणि फेटा बांधावा तर त्यांनीच. हिंदू असो, मुसलमान असो, नवरदेव आधी त्यांच्यापुढं डोकं घेऊन बसायचा. आमचे मालक आणि ते लहानपणापासूनचे दोस्त, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा मालकांना ना आई-वडील, ना भाऊ. लग्नात त्यांचा फेटा गफूरभाईंनीच बांधला, आणि फेटा बांधल्याचं म्हणून माझ्याकडून पुरणपोळी वसूल केली. मला ते "वैनी" म्हणत. थट्टा फार करत, पण मान वर करून माझ्याकडं कधी बघितलं नाही. मी चिडखोर आहे हे मालकांच्या आधी त्यांनी ओळखलं होतं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. एका उन्हाळ्यात गावात पटकी, म्हणजे कॉलरा, शिरली. नदीच्या वाळूत झिरे खणून आम्ही पाणी भरायचो, तेच नासलं होतं. तालुक्याहून कंपाउंडर आला, म्हणाला, झिऱ्याचं पाणी तोंडात घालू नका, मळ्यातल्या विहिरीचं प्या. मळा दाजीसाहेबांचा. गावातलं सगळ्यात मोठं घर ते, म्हणतील ती पूर्व. ते आधीच बायकामुलांना घेऊन मळ्यात राहायला गेले होते. कंपाउंडरची बैलांची दमणी गावाबाहेर पडली आणि दाजीसाहेबांनी विहिरीवर बाभळीच्या काट्यांची झाप टाकली. दोन भाचे, एक कारभारी आणि भावकीतले तिघं काठ्या घेऊन तिथं उभे केले. गावातलं कुणी शिवलं तर विहीर बाटेल, रोग मळ्यात येईल, असं त्यांचं म्हणणं. भीती खरी असेल, मी मानते. पण पोहरा स्वतः ओढून लांबून घागरीत ओतला असता तर काय बिघडत होतं? हा प्रश्न मी आजवर शंभर जणांना विचारलाय.

मालकांना पहाटे सुरू झालं. ज्यांनी पटकी बघितली नाही त्यांना ती तहान सांगून कळायची नाही. माणूस दुसरं काही मागतच नाही. मी घागर घेऊन मळ्यात गेले. एकोणीस वर्षांची होते, पदर खोचून धावत गेले. दाजीसाहेब लिंबाखाली बाजेवर बसले होते. मी लांबूनच म्हणाले, एक घागर द्या, मी जवळ येत नाही, तुमच्याच माणसानं ओतावी. त्यांनी कारभाऱ्याकडं बघितलं. कारभारी म्हणाला, "मागं फिर." दाजीसाहेब पानाला चुना लावत राहिले. ते पान मी विसरलेले नाही. घरी आले तर गफूरभाई मालकांच्या उशाशी बसलेले. माझी रिकामी घागर बघून उठले आणि खांद्यावर कावड घेऊन शेजारच्या गावाला गेले. भर उन्हात दोन कोस जाणं, दोन कोस येणं. ते आले तेव्हा मालकांना जाऊन घटकाभर झाली होती. त्यांनी कावड खाली ठेवली, ओंजळीत पाणी घेतलं आणि मालकांचे ओठ भिजवले. मग सरण रचायलाही तेच गेले. त्या उन्हाळ्यात गावातली किती मढी त्यांनी खांद्यावरून नेली, किती जणांसाठी खड्डे खणले, किती कावडी पाणी आणलं, कुणी मोजलं नाही. कुणाचाच दहावा झाला नाही. करणार कोण?

सहा महिने गेले. हैदराबादच्या कायदे कौन्सिलावर आमच्या भागाचे एक वकील मेंबर होते. त्यांची दुसऱ्यांदा नेमणूक झाली. नव्या कारकिर्दीची सुरुवात चांगल्या कामानं करावी म्हणून पटकीच्या साथीत गावोगाव ज्यांनी सेवा केली त्यांचा सत्कार करायचं त्यांनी ठरवलं. आमच्या गावची यादी दाजीसाहेबांनी पाठवली. सात नावं. पहिलं त्यांचं स्वतःचं, पुढं दोन भाचे, कारभारी आणि ते काठीवाले तिघं. उर्दूत लिहिलेल्या सनदा आधी आल्या, त्या वाचून दाखवायला गफूरभाईंनाच बोलावलं, कारण उर्दू त्यांना यायचं. सनदेत लिहिलं होतं, की या सद्गृहस्थांनी जिवाची पर्वा न करता अहोरात्र विहिरीवर राहून गावाला पाणी पाजलं. गफूरभाईंनी शब्दन्‌शब्द वाचून दाखवला. दाजीसाहेबांनी वर हुकूम सोडला, सात गुलाबी फेटे रंगवून आण आणि सत्काराच्या दिवशी तूच बांध. मेंबरसाहेब भले गृहस्थ होते म्हणतात. असतील. पण न विचारता यादीवर सही करणाऱ्याला निर्दोष म्हणायची माझी तयारी नाही.

हे मला कळलं तेव्हा मी रंगाच्या रांजणांमध्ये उभी राहून गफूरभाईंना वाटेल ते बोलले. तुम्ही त्यांचे फेटे बांधणार? मालकांचे ओठ भिजवलेल्या हातांनी? मी सांगितलं, भर सभेत उभी राहते, मेंबरसाहेबांपुढं एकेकाचं नाव घेऊन सांगते. ते फेटा पिळत होते. म्हणाले, "वैनी, तुमी बोललात तर बाईमाणूस दुःखानं येडी झाली म्हणतील आन्‌ हाताला धरून बाहेर काढतील. तुमी फकस्त बसा." मला वाटलं, घाबरला हा माणूस. मी तसं तोंडावर म्हणाले. त्यांनी पिळलेला फेटा दोरीवर टाकला.

सत्काराचा दिवस उजाडला. शाळेपुढं मांडव, आंब्याच्या डहाळ्या, सगळं गाव लोटलेलं. ज्यांच्या घरातलं कुणी ना कुणी गेलं होतं अशीच बहुतेक सगळी. आता एक सांगायला हवं. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की दहाव्याला सोयरे येऊन घरच्या कर्त्याला दुखवट्याचा फेटा बांधतात. त्याला वर तुरा काढत नाहीत, आणि मागं शेमला, म्हणजे फेट्याचं लोंबतं टोक, न सोडता आत खोचतात. तो बांधून झाला की बसलेली माणसं एकेक करून उठतात आणि "येतो" न म्हणता निघून जातात. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक. हैदराबादला राहणाऱ्या मेंबरसाहेबांना कुठून ठाऊक असणार? गफूरभाईंनी पहिला फेटा दाजीसाहेबांना बांधला. गुलाबी, नवा कोरा... आणि तुरा काढलाच नाही. शेमला आत खोचला. माझ्याशेजारी बसलेल्या म्हाताऱ्या सोनारीणबाईंनी पदर तोंडाशी नेला. दुसरा बांधला, तसाच. तिसरा, तसाच. दाजीसाहेबांनी हळूच मानेमागं हात नेऊन चाचपलं. चेहरा उतरला. पण मेंबरसाहेब शेजारी बसून हसत होते, हार घालत होते. सगळ्यांसमोर फेटा काढून फेकायचा तरी कसा? सातही जण मान खाली घालून बसले. मला जे बोलायचं होतं ते सगळं गावानं न बोलता ऐकलं.

मेंबरसाहेब खुशीत होते. म्हणाले, एवढे छान फेटे बांधले, बांधणाऱ्याचंही कौतुक झालं पाहिजे, त्यालाही एक फेटा बांधा. बांधायला दुसरं कोण? गफूरभाईंनी पिशवीतून आठवा काढला. तो घरूनच घेऊन आले होते, हे मला मागाहून कळलं. गुडघ्याला एक टोक धरून त्यांनी तो स्वतःच्या डोक्याला बांधला. तुरा काढला नाही, शेमला आत खोचला. मग सरळ माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मालकांना भाऊ नव्हता, मुलगा नव्हता, त्यांच्या नावानं कुणी डोक्याला फेटा बांधला नव्हता... तो त्या दिवशी बांधला गेला. सात डोक्यांवर ती शिक्षा होती. आठव्यावर दुखवटा होता, खराखुरा. सोनारीणबाई उठल्या आणि काही न बोलता चालू लागल्या. मग मी उठले. मग ओळीच्या ओळी उठल्या. सरबताचे पेले तसेच राहिले. मेंबरसाहेब विचारत होते, लोक का चाललेत, भाषण तर व्हायचंय अजून. त्यांना कोण सांगणार?

चार दिवसांत गफूरभाईंचे रंगाचे रांजण फुटले. तेरच्या बाजारातून येताना ओढ्यात त्यांना गाठलं आणि उजव्या हाताची बोटं काठीनं ठेचली. कुणी ते सांगायला नको. गफूरभाई डाव्या हातानं फेटा बांधायला शिकले. पुढं राज्य बदललं. निजाम गेला, कौन्सिल गेलं, मेंबरसाहेब गेले. त्या धामधुमीत मुसलमान म्हणून गफूरभाईंच्या दारावर दगड पडू नयेत, यासाठी आमच्या आळीतल्या बायका चार दिवस त्यांच्या ओट्यावर धान्य निवडत बसल्या. मीही होते, विळा शेजारी ठेवून.

दुसऱ्या उन्हाळ्यात दाजीसाहेब एकटेच, पायी, भर दुपारी गफूरभाईंच्या ओट्यावर आले. नव्या राज्यात गावची पंचमंडळी नेमायची होती आणि त्या फेट्यांची गोष्ट तालुक्यापर्यंत पोचली होती. गावानं लांबून बघितलं. गफूरभाईंनी तांब्या दिला, दाजीसाहेब पाणी प्याले, त्यांनी हात जोडले, गफूरभाई काहीतरी बोलले आणि दाजीसाहेब उठून गेले. झालं. माफ केलं, असं गावानं ठरवून टाकलं. मीही तेच धरून चालले. वर्षभर गफूरभाईंशी बोलले नाही. पुढं शिकले, मास्तरीण झाले, धाराशिवला आले, आमचं येणंजाणं पुन्हा सुरू झालं... पण त्या दुपारचं विचारायची छाती झाली नाही. विचारलं आणि ते "व्हय" म्हणाले तर मी काय करणार होते?

या थंडीत त्यांना भेटायला गेले तेव्हा विचारलं. ते अंथरुणाला खिळलेले, आवाज बारीक झालेला. म्हणाले, "त्यानं पाणी मागितलं, वैनी. पाण्याला न्हाय म्हणणं त्याचं काम, माझं न्हाय. म्या दिलं. मग माफी मागितली. म्या म्हणलो, ती माझ्याजवळ न्हाय, दाजीसाहेब. ज्याच्याजवळ व्हती त्यो तुमच्या हिरीचं पाणी मागत मेला."

हे दाजीसाहेबांच्या नातवानं वाचावं म्हणून वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहिलं आहे. त्याच्या घरी हीच पुरवणी येते, मी चौकशी केली आहे.